हाय प्रेशर सेल, पेंटेन आणि पीएचडी

२०२४ च्या जानेवारीत माझा पीएचडीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला. तेव्हापासून हाय प्रेशरवर काम सुरू करणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात: सेल (मिश्रण दाबाखाली ठेवायचं भांडं) बनवून घ्यायचा की विकत आणायचा, परवानगी कुणाची लागते, आधी मोजमाप की आधी मॉडेल. दरवेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा लिहून ठेवते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात केमिकल शिकवते. पीएचडी पुण्यात केली. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे खरेदी विभागाबद्दल थोडं बोलायचं आहे.

प्रवेश २०१८ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याआधी कॉलेजकडून ना हरकत प्रमाणपत्र आणि रजा. नोकरी करत पीएचडी करणाऱ्यांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं. व्यवस्थापनाची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते आणि तुमचा अर्ज विषयपत्रिकेत शेवटून दुसरा असतो. पहिलं सत्र कोर्सवर्कमध्ये गेलं. मार्गदर्शक सरांनी विषय दिला: पॉलिएथिलीन, एन-पेंटेन आणि कार्बन डायऑक्साइड यांचं मिश्रण जास्त दाबाखाली कधी एकजीव राहतं आणि कधी फुटतं, म्हणजे दोन थरांत वेगळं होतं, ते मोजायचं, आणि नंतर समीकरणात बसवायचं.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेंटेन ३६ अंश सेल्सियसला उकळतं. त्याचा क्रिटिकल पॉइंट (ज्याच्या वर द्रव आणि वायू हा फरकच उरत नाही) साधारण १९६ अंश आणि ३४ बारच्या आत आहे. म्हणजे दाब देऊन १७० अंशांवर ते द्रव ठेवलं, तरी फुगून विरळ झालेलं असतं. पॉलिएथिलीनची लांब साखळी मात्र तेवढी फुगत नाही. ही तफावत एका हद्दीपलीकडे गेली की पॉलिमर द्रावणातून बाहेर पडतो, म्हणजे तापवल्यामुळे तो विरघळायच्या ऐवजी वेगळा होतो. यालाच एलसीएसटी (लोअर क्रिटिकल सोल्यूशन टेम्परेचर) वर्तन म्हणतात. दाब वाढवला की पेंटेन पुन्हा दाट होतं आणि मिश्रण पुन्हा स्वच्छ होतं. फ्रीमन आणि रोलिन्सन यांनी १९६० साली साध्या हायड्रोकार्बनमधल्या पॉलिमरसाठी हे दाखवलं. कारखान्यात याचा उपयोग असा की सगळं सॉल्व्हंट उकळून काढण्याऐवजी द्रावण तापवायचं, दाब उतरवायचा आणि पॉलिमरचा दाट थर खालून काढून घ्यायचा. उष्णता वाचते. पण त्यासाठी ती हद्द नेमकी कुठे आहे हे माहीत हवं.

आता सेल. आम्हाला लागणारा होता व्हेरिएबल व्हॉल्यूम व्ह्यू सेल: एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचं जाड भिंतीचं सिलिंडर, आत सरकणारा पिस्टन, समोर सफायरची खिडकी. पिस्टनच्या मागे पाणी भरून पंपाने दाब द्यायचा, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण न बदलता दाब कमी-जास्त करता येतो. आतलं आकारमान जेमतेम ३० मिली. परदेशी तयार सेटअपचं कोटेशन आमच्या प्रकल्पाच्या पूर्ण रकमेच्या वर होतं. त्यामुळे बॉडी भोसरी एमआयडीसीत बनवून घ्यायची, खिडक्या, ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) आणि पंप बाहेरून घ्यायचे असं ठरलं. सगळं मिळून खर्च साडेसहा लाखांच्या आसपास गेला. त्यातला मोठा वाटा पंपाचा.

खरेदीचे नियम तेव्हा असे होते: २५ हजारांपर्यंत कोटेशनशिवाय, अडीच लाखांपर्यंत स्थानिक खरेदी समिती, त्यावर टेंडर. कुठलीही वस्तू घ्यायची तर ती आधी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर मिळत नाही असा रिपोर्ट काढून फाइलला लावायचा. सफायरची खिडकी जेमवर मिळत नाही हे सगळ्यांना माहीत असायचं, पण रिपोर्ट लागायचाच. आमची फाइल दोनदा परत आली: एकदा ‘सफायर’ हे रत्न असल्याने कारण स्पष्ट करावे, असा शेरा मारून. मी क्रिस्टलचा दाबाचा तक्ता आणि चित्र जोडलं, मग सुटली. हसू येतं, पण शेरा मारणाऱ्या बाईंचंही बरोबरच होतं. त्यांच्या टेबलावर केमिकलवाल्यांनी असली मागणी पहिल्यांदाच पाठवली होती. नंतर त्यांच्याकडेच जाऊन फाइल कशी लावायची ते विचारून घेतलं आणि पुढचे इंडेंट (खरेदीचे मागणीपत्र) सरळ गेले. मार्चअखेर रक्कम परत जाते, म्हणून डिसेंबरच्या आत ऑर्डर निघाली पाहिजे. जानेवारीत निघालेल्या ऑर्डरचा माल मार्चमध्ये येत नाही.

परवानग्यांची भीती सगळ्यांना वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रेशर व्हेसलचं नाव निघालं की पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था, आठवते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण २०१६ चे प्रेशर व्हेसलचे नियम वायू साठवण्याच्या आणि वाहून नेण्याच्या, १००० लिटरपेक्षा मोठ्या भांड्यांसाठी आहेत. ३० मिलीचा सेल त्यात बसत नाही. पेंटेन हे अ वर्गाचं पेट्रोलियम, पण विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत ठेवायला परवाना लागत नाही. आमच्याकडे अडीच लिटरच्या बाटल्या. हे सगळं तोंडी सांगून चालत नाही. संस्थेच्या सुरक्षा समितीला कलमांसकट एक पानाचं पत्र दिलं, सोबत भिंतीच्या जाडीचं गणित, रप्चर डिस्कचा (दाब फार वाढला तर आधी फुटणाऱ्या सुरक्षा चकतीचा) दाब, पेंटेन गळलं तर हवेत किती होईल याचा हिशोब. समितीने तीन अटी घातल्या: सेल पॉलिकार्बोनेटच्या ढालीआड, खिडकीत थेट न बघता कॅमेऱ्यातून बघायचं, आणि रात्री एकटीने काम नाही. तिन्ही योग्य होत्या. थेट न बघण्याची अट तर मीच घातली असती.

भोसरीच्या वर्कशॉपमधल्या काकांनी बॉडी अप्रतिम बनवली. पिस्टनचा फिट त्यांनी हाताने लॅप करून, म्हणजे घासून, आणला. हायड्रो टेस्टला मी उभी होते. कामाच्या दाबाच्या दीडपट, पाण्याने, कारण पाणी दबत नाही आणि काही फुटलं तरी साठलेली ऊर्जा थोडी असते. कुणी घाईत नायट्रोजनने टेस्ट करू म्हणालं तर तिथून निघून यावं. बारीकसारीक सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर स्वस्त मिळतं, मीही तिथून पाने-स्पॅनर आणले. पण डबल फेरूल फिटिंग (नळ्यांचे जास्त दाबाचे जोड) आणि ट्यूब मात्र अधिकृत डीलरकडून, टेस्ट सर्टिफिकेटसकटच घ्यावी.

सेल जोडून झाला २०२० च्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मी सांगलीला घरी.

त्या काळात टीव्हीवर सगळीकडे पांढरे पीपीई सूट दिसायचे. त्यांतला टायव्हेक नावाचा प्रकार म्हणजे पॉलिएथिलीनच. पॉलिमरचं गरम द्रावण दाबाखालून एकदम सोडून त्याचे तंतू बनवतात. माझ्या विषयाचा इतका ठळक उपयोग समोर दिसत होता आणि माझा सेल पुण्यात कुलपात. मग मॉडेलिंगला हात घातला. मनातून मी ते शेवटी करणार होते. आता विचाराल तर सांगेन, मोजमापाआधीच सुरू करा, निदान कच्चं तरी.

फ्लोरी-हगिन्सचा १९४० च्या दशकाच्या सुरुवातीचा सिद्धांत सगळे शिकतात. त्यातली जाळी गच्च भरलेली असते, घनतेला बदलायला जागाच नाही, म्हणून साध्या रूपात त्यातून एलसीएसटी निघत नाही आणि दाबाचा परिणामही नाही. सांचेझ आणि लाकोम्ब यांनी १९७६ साली त्या जाळीत रिकाम्या जागा ठेवल्या आणि प्रश्न बराच सुटला. त्यानंतर वर्टहाइमच्या सिद्धांतावर उभं राहिलेलं सॅफ्ट हे समीकरण आलं, १९८९-९० च्या सुमारास, आणि २००१ मध्ये ग्रॉस आणि सादोव्स्की यांचं पीसी-सॅफ्ट. त्यात रेणू म्हणजे गोलांची माळ. प्रत्येक पदार्थाला तीन आकडे: माळेत गोल किती, गोलाचा व्यास किती आणि एकमेकांना ओढण्याची ऊर्जा किती. पेंटेनला २.६८९६ गोल, ३.७७२९ आंगस्ट्रॉम, २३१.२ केल्विन. पॉलिएथिलीनला गोलांची संख्या रेणुभाराच्या पटीत, दर ग्रॅम प्रतिमोलला ०.०२६३, म्हणजे ५० हजार रेणुभाराच्या साखळीत १३१५ गोल. एकीकडे पावणेतीन, दुसरीकडे तेराशे. पुढचा सगळा त्रास या दोन आकड्यांतून येतो.

पहिला त्रास गणिताचा. वजनाने ५ टक्के पॉलिमर घेतला तरी मोलच्या, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या, हिशोबात लाखात सात-आठ साखळ्या. मिश्रण फुटल्यावर पातळ थरात तर इतक्या कमी की संगणकाच्या नेहमीच्या अचूकतेत त्या शून्यच होतात आणि प्रोग्राम कोसळतो. उपाय: मोल फ्रॅक्शन साठवूच नका, त्याचा लॉगॅरिदम साठवा. आणि सुरुवातीचा अंदाज म्हणून आधी स्पायनोडल, म्हणजे जिथे मिश्रण आपोआप फुटू लागतं ती रेषा, काढा. तिथून क्लाउड पॉइंटकडे (मिश्रण ढगाळ व्हायला लागतं त्या बिंदूकडे) सरकलं की गणित जुळतं. हे शिकायला माझा मे आणि जून गेला. आता क्लॅपेरॉन डॉट जेएल, फिओस, टेक्प असे मोफत कोड आहेत. तेच वापरा, पण एकदा तरी स्वतः लिहून बघा. कोड लिहिला की पॉलिमरकडे वळण्याआधी शुद्ध पेंटेनचा बाष्पदाब काढा. ३६ अंशांच्या जरा वर १.०१३ बार आला पाहिजे. तेवढा येत नसेल तर पुढचं काहीच खरं नाही. क्रिटिकल पॉइंटजवळ मात्र पीसी-सॅफ्ट थोडं वर सरकतं, तिथला फरक तुमच्या कोडची चूक नसतो.

लॅब पुन्हा सुरू झाली ती पाळ्यांमध्ये, २०२१ च्या सुरुवातीला. बसतोय तोच एप्रिलमध्ये दुसरी लाट. गॅस एजन्सीचे सगळे टेम्पो ऑक्सिजनला लागलेले. आमचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर कोण आणणार, आणि मागायचं तरी कुठल्या तोंडाने. ते दोन महिने फक्त पेंटेन आणि पॉलिएथिलीनवर काम केलं. त्याचा फायदाच झाला, दोन घटकांची पक्की मोजमापं हातात आली.

रोजचा क्रम असा. पॉलिएथिलीनचे दाणे वजन करून सेलमध्ये टाकायचे, सोबत थोडा बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन), नाहीतर १८० अंशांवर साखळ्या तुटतात आणि तुम्ही दुसराच पॉलिमर मोजत बसता. सेल बंद करून व्हॅक्यूम. मग पेंटेन भरायचं, तेही वजनावर. कार्बन डायऑक्साइड एका छोट्या बाटलीत भरून, बाटली आधी आणि नंतर तोलून. बोल्ट घट्ट करताना समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क रेंचने. खिडकीला बाक आला तर सफायर पुढे काही सांगत नाही, सरळ तडकतं. नंतर स्टरर चालू करून तापवायचं. विरघळायला दोन-तीन तास लागतात. दाब वाढवून मिश्रण पारदर्शक झालं की एका तापमानावर तासभर थांबायचं आणि मग दाब हळूहळू उतरवायचा. आधी पिवळट-तपकिरी छटा येते, मग एकदम ढग. स्टरर दिसेनासा झाला तो क्लाउड पॉइंट. आम्ही पुढे लेझर आणि फोटोडायोड लावला, प्रकाश ९० टक्के कमी झाला की नोंद. डोळ्याने आणि लेझरने घेतलेल्या नोंदी दोन-तीन बारच्या आत जुळायच्या. १७० अंशांवर, कार्बन डायऑक्साइड नसताना, हा दाब शंभर बारच्या आसपास होता.

एक गोष्ट कुठल्या पेपरात लिहिलेली नसते. कार्बन डायऑक्साइडचा क्रिटिकल पॉइंट ३१.१ अंश आणि ७३.८ बार. युरोपातल्या लॅबमध्ये सिलिंडरमध्ये द्रव असतो, २० अंशांना ५७ बारवर, आणि पंप तो सहज खेचतो. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी लॅब ३८ अंशांवर, म्हणजे सिलिंडरमध्ये द्रव नाहीच. पंप नुसता आवाज करतो. सिलिंडर डिप ट्यूबवाला (तळापर्यंत नळी असलेला) मागवा, पंपाचं डोकं चिलरच्या पाण्याने थंड ठेवा आणि उन्हाळ्यात भरण्याचं काम सकाळी आठच्या आत उरका. लॅबमधले मामा माझ्यासाठी सात वाजता कुलूप उघडायचे, चहा माझ्याकडे.

ओ-रिंगांनी फार छळलं. सेलसोबत आलेल्या व्हायटॉनच्या होत्या. तापमानाला त्या उत्तम, पण दाबाखाली कार्बन डायऑक्साइड त्यांच्या आत शिरतो आणि दाब उतरवला की आतून फोड येऊन रिंग फाटते. दर दोन-चार रननंतर गळती. शेवटी पिस्टनला स्प्रिंग असलेले टेफ्लॉनचे सील बसवले आणि दिवसाअखेर दाब उतरवायला तासभर देऊ लागलो. दुसरा ताप सफाईचा. गार होताना पॉलिएथिलीन नळीत घट्ट बसतं. ते काढायला गरम झायलिन आणि अख्खा दिवस. म्हणून सेलला जितक्या कमी नळ्या तितकं बरं.

ट्रान्सड्यूसर आणि पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेट करून घेतले, दर वर्षी, काही हजार रुपये. रिव्ह्यूअरने पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारला आणि सर्टिफिकेट पाठवताच गप्प झाला.

कार्बन डायऑक्साइड जुलैमध्ये मिळाला. तो मिसळला की हद्द वर सरकते, जास्त दाब द्यावा लागतो. आणि प्रमाण वाढवत गेलं की दाब-तापमान आलेखातली चढती रेषा आडवी होत जाते, पुढे थंड बाजूला उलटी वळते. आमची मर्यादा ३०० बारची, त्यामुळे ते वळण थोडंच दिसलं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी लिहायला बसले. पॉलिमरचे तीन आकडे काढायची सरळ वाट म्हणजे वितळलेल्या पॉलिमरची वेगवेगळ्या दाबाखालची घनता घ्यायची आणि समीकरण बसवायचं. पॉलिमरला बाष्पदाब नसतो, म्हणून दुसरं काही हाताशीही नसतं. तसे आकडे मी काढले. घनता सुंदर बसली, चूक टक्क्याच्याही आत. आणि त्याच आकड्यांनी क्लाउड पॉइंट काढला तर आलेख दुसऱ्याच गावाला. घनतेवरून ओढीची ऊर्जा नीट पकडली जात नाही. वेगवेगळे त्रिकूट घनता सारखीच चांगली देतात आणि मिश्रणात मात्र फार वेगळं वागतात. म्हणून घनतेसोबत निदान एका मिश्रणाचा डेटा घेऊन एकत्र बसवावं लागतं. ग्रॉस आणि सादोव्स्की यांनी पॉलिमरसाठी हेच केलं होतं. पेपर वाचला होता, पण त्याचं महत्त्व स्वतःचा आलेख चुकीच्या जागी बघितल्यावरच कळतं.

त्यानंतर उरतो के-आय-जे, दोन पदार्थांमधल्या ओढीची दुरुस्ती. आकडा शून्याच्या आसपास, पण तिसऱ्या दशांश स्थळाला हलवला तरी हद्द काही बारने सरकते. तापमानाप्रमाणे के-आय-जे बदलत ठेवला तर कुठलाही आलेख बसतो. सल्लागार समितीतल्या एका सरांनी विचारलं, मग तुमच्या समीकरणाने सांगितलं काय? प्रश्न झोंबला. मी पेंटेन आणि पॉलिएथिलीनचा एकच स्थिर के-आय-जे ठेवला, कार्बन डायऑक्साइड आणि पेंटेनचा जुन्या बाष्प-द्रव डेटावरून घेतला, आणि तिसरी जोडी, कार्बन डायऑक्साइड आणि पॉलिएथिलीनची, फक्त एका प्रमाणावर बसवली. बाकीची प्रमाणं भाकीत म्हणून काढली. कमी प्रमाणांत भाकीत चांगलं आलं, सर्वांत जास्त प्रमाणाला दाब कमी सांगितला. तसंच छापलं. साखळ्यांची लांबी एकसारखी नसते, हेही धरावं लागलं. तीन कल्पित घटक घेतल्यावर कमी पॉलिमर असलेली बाजू जागेवर आली. लांब साखळ्या आधी बाहेर पडतात, सरासरी साखळी घेऊन ते दिसत नाही.

२०२२ मोजमापं पूर्ण करण्यात गेलं, २०२३ लिहिण्यात. पहिला पेपर एका नियतकालिकाने परत केला, दुसऱ्याने सात महिन्यांनी घेतला. थीसिसच्या आधी साम्य तपासणी: यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार १० टक्क्यांपर्यंत चालतं. माझं सुरुवातीला जास्त आलं, कारण उपकरणाचं वर्णन माझ्याच पेपरसारखं होतं. स्वतःचे पेपर वगळून तपासायची सोय असते, ग्रंथपालांना मागावी लागते. थीसिस फी, बाइंडिंग, प्रती मिळून वीस हजारांच्या आत. परीक्षकांचे अहवाल यायला पाच महिने लागले. त्या काळात विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन उपयोग नसतो. आपल्या विभागातल्या क्लार्कना फाइल नंबर देऊन ठेवा, ते फोनवर विचारून सांगतात.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी मॉडेलपेक्षा वजनांबद्दल जास्त विचारलं: कार्बन डायऑक्साइड भरताना नळीत उरलेल्याचं काय केलं? नळीचं आकारमान पाण्याने मोजलं होतं, दुरुस्ती परिशिष्टात होती. तो तक्ता दाखवला आणि प्रश्न तिथेच संपले.

थीसिस आता शोधगंगेवर, म्हणजे भारतीय थीसिसच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला आहे. परिशिष्टात प्रत्येक रनची मूळ वजनं, तापमान, चढता-उतरता दाब असं सगळं कच्चं दिलंय. स्वतःचा कोड तपासायचा असेल तर कार्बन डायऑक्साइड नसलेला, ५ टक्के पॉलिमरचा तक्ता आधी घ्या. तिथे घटक दोनच आहेत आणि के-आय-जे एकच.